खोलीची शांतता

सिनेमा सुरू होऊन अकरा मिनिटं झाली होती आणि तिसऱ्या रांगेतून ताई उठून उभी राहिली. बाहेर जायला उठतात तशी नाही. बाहेर जाणारा माणूस आधी पिशवी चाचपतो, शेजाऱ्याचे गुडघे बघतो, वाकून, ओशाळून उठतो. ताई सरळ उठली. मांडीवरची पिशवी खाली पडली, उजवा हात पुढे गेला, खाटेखालून काहीतरी ओढून काढायला जावा तसा, आणि मग तिला कळलं की समोर पडदा आहे, आपण हॉलमध्ये आहोत, मागच्यांना दिसत नाहीये. मागचा गृहस्थ म्हणाला, "बसा ना हो." ती बसली. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. मी मागच्या भिंतीला टेकून माझ्या सिनेमाला आलेली डोकी तिसऱ्यांदा मोजत होतो, एकेचाळीस की बेचाळीस, आणि मला वाटलं, हिच्या पायात गोळा आला असेल. मग मीही ऐकलं.

टक. टक. टक.

नख लोखंडी दांडीवर वाजतं तसा आवाज. फार मोठा नाही. माहीत नसलेल्याला खिडकीची कडी वाटेल, भिंतीतला नळ वाटेल. हॉलमध्ये तो आवाज ओळखणारी दोनच माणसं होती, एक मी आणि एक ताई. पडद्यावर म्हातारा नट खाटेवर पडून छताकडे बघत होता, तोंड डावीकडे ओढून, अप्पांचं असायचं तसं. अप्पा आमचे वडील. जाऊन दीड वर्ष झालं. अर्धांगाच्या झटक्यात त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, उरला तो डावा हात, आणि ताईने नियम ठरवला: एकदा वाजवलं की हाक, दोनदा वाजवलं की पाणी, तीनदा वाजवलं की भांडं. डाव्या अंगठ्याचं नख तिने वाढू दिलं. दर रविवारी नऊ नखं कापायची आणि एक ठेवायची. अप्पा आयुष्यभर नकाशे काढायच्या खात्यात होते. रेघ सुटलेली त्यांना चालायची नाही, रुमालाची घडी चुकलेली चालायची नाही, आमच्या वह्यांचे कोपरे दुमडलेले दिसले तर जेवण थांबवून ते सरळ करत बसायचे. अंथरुणाला खिळल्यावर दीड वर्षात त्यांनी एकदाही चादर खराब होऊ दिली नव्हती. तीनदा वाजलं की ताई जिथे असेल तिथून उठायची, घास हातात असला तरी, गाढ झोपेत असली तरी. त्या माणसाची सगळी इभ्रत त्या एका नखावर उभी होती. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

अर्ध्या मिनिटाने पुन्हा वाजलं आणि माझी डोकी मोजायची राहिली, कारण आता हे दर अर्ध्या मिनिटाला वाजणार हे एकट्या मला माहीत होतं. कुठल्याही खोलीत सगळे गप्प बसले तरी काहीतरी ऐकू येत राहतं, पंख्याचं, रस्त्याचं, भिंतींचं. आमच्या धंद्यात त्याला खोलीची शांतता म्हणतात. चित्रीकरण संपलं की सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि ती तीस सेकंद टिपून घ्यायची. मग जोडकाम करताना संवादांच्या मधल्या भोकांत ती लिंपायची, तीस सेकंदांना तीच तीस सेकंद जोडत. मी ती माझ्या घरच्या टेबलावर लिंपली, एक कान मेलेल्या हेडफोनवर, पंखा घरघरणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर. माझ्याकडे निवड होती. मी हा तुकडा घेतला, कारण तो मला जिवंत वाटला. खिडकी वाजत असेल म्हटलं. खोली श्वास घेतेय म्हटलं. मी असं बोलतो. असं बोलणारी माणसं गोळा करतो, त्यांना कागदी कपातला गार चहा पाजतो आणि तासन्‌तास असं बोलतो. आणि टक. टक. टक. घरी हे कधी ऐकूच आलं नव्हतं, निदान नख म्हणून ऐकू आलं नव्हतं. आज फिल्म क्लबच्या सचिवांनी दारातच खांद्यावर हात टाकला होता. "नवे स्पीकर आणलेत, बरं का. मुंगी चालली तरी ऐकू येईल. तुमच्या सिनेमाने उद्घाटन." त्यांच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता आणि मी हसून म्हणालो होतो, वा.

मला स्वतःचा सिनेमा कधीच इतका लांब वाटला नव्हता. चौऱ्याऐंशी मिनिटांपैकी त्रेपन्न मिनिटं त्या खोलीत घडतात. एक मुलगा आजारी बापाच्या उशाशी बसून बाप जायची वाट बघतो, एवढाच सिनेमा. मी तो अप्पांच्या खोलीत घेतला. खोली फुकट होती, उजेड चांगला होता, भिंतीवरची ओल तयार होती. ओल तयार होती, हेही माझंच वाक्य, एका मासिकात छापून आलंय. त्याच मुलाखतीत मी छाती फुगवून सांगितलं होतं की वडिलांना कॅमेऱ्यासमोर आणायचं नाही हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं, ती रेघ मी ओलांडली नाही. म्हणून नट आणला. ठणठणीत, सकाळी चार मैल चालणारा. तो आदल्या दिवशी येऊन तीन तास अप्पांसमोर खुर्ची टाकून बसला आणि त्यांचं तोंड शिकला. ओठाचा कोपरा, लाळ कुठून सुटते, डोळा किती उघडा राहतो. अप्पा त्याच्याकडे बघत होते आणि तो हळूहळू अप्पा होत होता. जाताना मला जिन्यात म्हणाला, "खजिना आहे हो तुमच्याकडे." मी त्याचे आभार मानले.

टक. टक. टक. ताईची मान हलली नाही. मागून मला तिचा अंबाडा दिसत होता आणि खुर्चीच्या दांडीवरचा हात. तिला अजून सगळं कळलं नव्हतं. आवाज कळला होता, तो कधीचा ते कळलं नव्हतं. त्या दोहोंच्या मध्ये मी उभा होतो. ते अंतर ती किती मिनिटांत कापेल याचा हिशोब करत होतो, आणि ती पोचली की या जगात मला 'जेवलास का' विचारणारं कुणी उरणार नाही, हेही.

दृश्य सत्तेचाळीस. खोली. दुपार. (हे दृश्य सिनेमात नाही. ते मी भिंतीला टेकून आत्ता लिहितोय, दोन वर्षं उशिरा.) खिडकीजवळ भाड्याच्या खाटेवर नट, तो कॅमेऱ्याला दिसतो. कॅमेऱ्याच्या मागे, कपाटाला चिकटवलेल्या लोखंडी खाटेवर अप्पा; ते कॅमेऱ्याला दिसत नाहीत. ताई घरात नाही. तिची दाढ दोन महिने ठणकत होती आणि अप्पांना सोडून जायला तिला दोन तास मिळत नव्हते. सकाळी मीच म्हणालो, "जा गं, मी आहे ना." दारात तिने दोनदा विचारलं, "भांडं कुठंय माहितीय ना?" मी म्हणालो, "मला काय पाहुणा समजतेस?" आता चित्रीकरण संपलंय. ध्वनिवाला कानाला डबे लावून खोलीच्या मध्ये उभा. तो म्हणतो, "कुणी हलू नका. तीस सेकंद." सगळे थिजतात. छायाचित्रकार एका पायावर. मी कॅमेऱ्याशेजारी, अप्पांपासून चार फुटांवर. टक. टक. टक. मी मान वळवतो. अप्पा माझ्याकडे बघताहेत. मी उजवा पंजा वर करतो, रस्त्यावरचा पोलीस गाडी थांबवतो तसा. तोंडाने काही बोलत नाही, बोललो तर तुकडा वाया जाईल. फक्त पंजा आणि भुवया: थांबा जरा. बाप आपल्या मुलाचा पंजा बघतो. तीस सेकंद म्हणजे किती असतात ते ज्याला तातडीची लागलीय त्याला विचारावं. "मिळालं," ध्वनिवाला शेवटी म्हणतो. सगळे श्वास सोडतात. कुणीतरी चहाचं विचारतं. मग वास येतो.

वास सिनेमात येत नाही. हा या कलेचा केवढा मोठा फायदा आहे. छायाचित्रकाराने खिडकी उघडली आणि दुसरीकडे बघत राहिला. नटाने रुमाल नाकाला लावला, तोच, जो अप्पांचं तोंड शिकायला तीन तास न कंटाळता बसला होता. आणि मी काय केलं? मी वायर गुंडाळायला घेतली. एवढ्या मन लावून मी कधी वायर गुंडाळली नसेल. मला किळस आली होती, हे लिहिलं पाहिजे. बापाची नाही, असं लिहायची फार इच्छा आहे, पण बापाचीच आली होती. पिवळट डाग चादरीवर नकाशातल्या बेटासारखा पसरत होता आणि अप्पा छताकडे बघत होते. मी मनात म्हणत होतो, ताई येईलच आता, ताई येईल. ताई आली. दाढ काढून आली होती, अर्धं तोंड बधिर, गालात कापसाचा बोळा. वासाने ती दारातच थांबली. माझ्याकडे बघितलं. "वाजवलं नाही त्यांनी?" शब्द तिरके पडत होते. मी म्हणालो, "नाही गं. वाजवलंच नाही. कळलंच नाही आम्हाला." ते 'आम्हाला' बघा. खोलीतली चार माणसं मी एका शब्दात पुढे उभी केली. त्यांना टकटकीचा अर्थ माहीत नव्हता, माहीत होता तो एकट्या मला. ताई खाटेजवळ गेली आणि तिचा तोल सुटला. दाढेची कळ, दोन महिन्यांचं जागरण, परक्या पुरुषांसमोर उघडा पडलेला बाप. "अप्पा, वाजवायला काय झालं होतं? हात आहे ना अजून?" वाकड्या तोंडाने ती वाकड्या तोंडाच्या बापावर ओरडत होती. अप्पांनी तिच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वाजवलं होतं आणि याने ऐकलं होतं, हे सांगायला नियमात एकही टकटक नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताईने औषधाच्या दुकानातून मोठ्या माणसांचे डायपर आणले. पुढच्या रविवारी दहावं नखही कापलं. म्हणाली, "आता कळत नाही त्यांना. उगाच ओरबाडून घेतील स्वतःला." मी समोर बसून दृश्यांची यादी करत होतो. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी ते रोज उद्यावर ढकललं, आणि चार महिन्यांनी अप्पा गेले. डायपरमध्ये गेले. टक. टक. टक. मी पडद्याकडे बघायचं सोडून दिलं होतं. हॉलमधले चेहरे बघत होतो. त्यांना आवडत होतं. दर वेळी आवाज आला की पुढच्या रांगेतली एक बाई डोळे मिटायची. दाढीवाले समीक्षक पुढे झुकून वहीत काहीतरी टिपत होते. माझ्या बापाला संडासला लागली होती आणि समीक्षक टिपणं घेत होते. मला हसू आलं आणि ते घशातच अडकलं, कारण त्याच वेळी माझ्यातला कुणीतरी, मी मेलो तरी जो मरणार नाही असा कुणीतरी, समाधानाने म्हणत होता: पोचतंय. पोचतंय लोकांपर्यंत.

दिवे लागले. टाळ्या झाल्या. सचिवांनी दोन खुर्च्या पुढे मांडल्या, एकीवर मला बसवलं आणि माईक टिचकी मारून तपासला. प्रत्येक टिचकीला ताईच्या पापण्या हलल्या. समीक्षकांनी पहिला हात वर केला. "हा जो ठोका आहे," ते म्हणाले, "पार्श्वभूमीला, ठरावीक अंतराने येणारा. मला त्याने अस्वस्थ केलं. तो योजनेचा भाग आहे, की अपघात?" अपघात म्हणायची सोय होती. चार अक्षरं. मी म्हणालो, "नाही, मुद्दामच आहे तो." आणि माझी जीभ सुटली. काळ, दार, प्रतीक्षा, शरीराचं घड्याळ. मला ऐकू येत होतं मी काय बोलतोय ते. प्रत्येक शब्द ओल्या साबणासारखा हातातून निसटत होता आणि लोक माना डोलवत होते. समीक्षक म्हणाले, "सुरेख." मग ताईने हात वर केला. वर्गातली मुलगी करते तसा, कोपर सरळ. सचिवांनी माईक नेऊन दिला.

"तो तीनदाच का वाजतो?" तिने विचारलं. "कधी दोनदा का नाही? सांग ना."

त्या 'सांग ना'ला लोक हसले. "आता घरचा आहेर दिसतोय," सचिव म्हणाले, आणि आणखी हसले. मी तिच्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं. तिला माझ्याकडून माहिती नको होती, तिला मी ते तोंडाने म्हणायला हवं होतं. आणि मी म्हणालो. तीनदा म्हणजे भांडं, हे सांगितलं. नियम सांगितला, नख सांगितलं, शांतता टिपताना अप्पांनी वाजवलं आणि मी पंजा वर केला तेही सांगितलं. पहिली दोन वाक्यं मी खरंच बोललो. तिसऱ्या वाक्याला मला ऐकू आलं की मी थांबतोय, योग्य जागी थांबतोय. 'नऊ नखं कापायची' नंतर एक श्वास, आणि मग 'एक ठेवायची'. डोळे मिटणाऱ्या बाईने रुमाल काढला. माझा स्वतःचा गळा दाटून आला आणि तो किती छान दाटलाय हेही मला कळलं. तिथे उकिरड्यावर बसल्यासारखं वाटलं, आणि उकिरडा ऊबदार होता. ताईला मी काय खोटं सांगितलं ते तेवढं सांगितलं नाही. ते त्या लयीत बसत नव्हतं. मी संपवलं. टाळ्या सुरू झाल्या, सिनेमाला झाल्या होत्या त्याहून मोठ्या. समीक्षक उभे राहिले. "हे धैर्य आहे," ते म्हणाले, "हे बाहेर दाखवलंच पाहिजे." ताईची खुर्ची रिकामी होती. माईक तिने सीटवर नीट ठेवला होता, तोंड वर करून, आणि टाळ्या त्यातून दुप्पट होऊन येत होत्या.

ती जिन्यात होती, एक मजला खाली, खिडकीपाशी. बाहेर चार वाजताचं ऊन, रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकलला लाथा मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती. मी दोन पायऱ्या वर थांबलो.

"तुला तेव्हाच ऐकू आलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि मला म्हणालास वाजवलंच नाही."

"हो."

"मी त्यांना म्हटलं, हात आहे ना अजून."

"माहितीय, ताई."

"तुला काय माहितीय? तू वायरी गुंडाळत होतास." ती रडत नव्हती. रडली असती तर मला जवळ जाता आलं असतं. "चार महिने मी त्यांच्याशी तान्ह्या बाळाशी बोलतात तसं बोलले. शहाणं माझं, म्हणायचे. वळ बरं, म्हणायचे. मला वाटलं गेलं सगळं त्यांचं डोक्यातलं. आणि ते सगळं ऐकत पडून होते."

मला सांगायचं होतं की मी सिनेमातून तो आवाज काढून टाकतो. की सिनेमाच दाखवत नाही. दोन्ही वाक्यं तोंडात तयार होती आणि दोन्हींना चांगला आकार होता, म्हणून मी ती गिळली.

"ते जे भरून घेतलंत, ते वेगळं आहे तुझ्याकडे? सिनेमाशिवाय?"

"आहे."

"किती वेळा घेतलंत?"

"तीनदा."

"पहिल्यांदा काय आहे?"

"पहिल्यांदा त्यांनी जोरात वाजवलं. ध्वनिवाल्याने मध्येच थांबवलं, कसला आवाज म्हणून. मी म्हणालो, खिडकी असेल. परत घे."

"खिडकी."

"हो."

"दुसऱ्यांदा?"

"आत्ता ऐकलंस ते. जरा हळू. पंजा मी तेव्हा वर केला, आणि ध्वनिवाल्याने आणखी एक मागितला."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा काही नाही. एकदम साफ आहे. ध्वनिवाला खूश झाला होता त्या तुकड्यावर."

खालची मोटारसायकल एकदाची सुरू झाली आणि निघून गेली. ताई खिडकीच्या गजाला हात लावून उभी होती. मग पदर खोचला, पिशवी काखेत घेतली, बाजारात निघाल्यासारखी.

"पहिली दोन मला दे," ती म्हणाली. "त्यांचं सगळं शाबूत होतं त्यात. घरी ऐकेन."

"तिन्ही देतो. उद्याच आणून देतो."

"तिसरं नको," ती म्हणाली. "ते तू ठेव. आणि आणून देऊ नकोस, कुणाकडून तरी पाठव."

ती उतरून गेली. चपलांचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू येत राहिला. वरून सचिवांनी हाक मारली, सगळे फोटोसाठी थांबलेत, दिग्दर्शकाशिवाय कसा काढायचा म्हणून. मी वर गेलो. त्यांनी मला मधोमध उभं केलं.